दुसरी फांदी

बिट्टीची आई हॉस्पिटलात प्लास्टरच्या खोलीत कामाला होती. दिवसभर मोडके हात-पाय बघून घरी आली, की तिला जिकडेतिकडे पडायच्याच जागा दिसायच्या. "धावू नकोस", "खाली उतर", "हात धर" हे तोंडात बसलेलं. त्यामुळे पाच वर्षांची बिट्टी बागेतसुद्धा आईला चिकटून बसायची. घसरगुंडीच्या शिडीवर चार बोटं वर गेली, की भोकाड पसरायची.

सुट्टीत तिची आत्या राहायला आली. एका संध्याकाळी आई कामावरून परस्पर बागेत पोचली, तर आत्या एका झाडाखाली मान वर करून उभी. आणि बिट्टी चक्क दुसऱ्या फांदीवर!

आई झाडापाशी धावत आली. "अगं, वेड लागलंय का तुला? काढ तिला खाली!"

"वहिनी, ओरडू नकोस, दचकेल ती," आत्या हळूच म्हणाली. "मी नाही चढवलं, आपली आपण चढलीय. उतरू दे तिलाच. मी आहे ना खाली."

आई दिसताच बिट्टीचा चेहरा रडवेला झाला. "आई, मला घे!"

आईचे हात वर गेलेच होते. आत्याने तिचं कोपर धरलं. आईने हात खाली घेतले आणि कसंबसं विचारलं, "बिट्टे, पाय कुठे टेकेल, बघ बरं."

बिट्टीने नाक ओढलं. खाली पाहिलं. एक फांदी हलवून बघितली आणि सोडून दिली. दुसरी घट्ट धरली. मग चाचपडत पाय खोडाच्या गाठीवर टेकवला. आई बघतच राहिली. आजवर आपण हिला उचलूनच घेत आलो, इतका विचार करायची वेळच येऊ दिली नाही, असं तिच्या मनात आलं.

शेवटची उडी जरा चुकली. गुडघा खरचटला. आई धावली, तर बिट्टी गुडघ्यावर फुंकर मारत होती.

"रक्त आलंय," तिने ऐटीत सांगितलं. "मी परत जाते. आई, तू लांब उभी राहा. तू जवळ आलीस की मला भीती वाटते."

आत्या फिसकन हसली. आईला हसावं की रडावं कळेना, पण ती मागे सरकली.

आत्या गेली, शाळा सुरू झाली. बिट्टी आता शाळेचा जिना एकटी उतरते, अधूनमधून आपटते, उठते. बागेत ती वर चढली की आई खाली उभी राहून नखं खाते. पण ओरडत नाही.