पिठाआधीचा रस्सा

नानाजींच्या भोजनालयात तुळजाबाईंची थाळी वेगळी यायची. पोळ्यांची जागा रिकामी, भाताची जागा रिकामी. एका कडेला काकडी-मुळ्याच्या चकत्या, दोन उकडलेली अंडी, मेथीची नाहीतर वांग्याची भाजी आणि रश्श्याची एक वाटी.

पहिल्या दिवशी नानाजी गल्ल्यावरून उठून स्वतः टेबलापाशी आले होते. "काहून वं बाई, आमच्या पोळीनं काय घोडं मारलं?"

"पोळी नाही, भात नाही. डॉक्टरानं बंद केलं."

"मंग थाळी काहून मांगता? वाटीच मांगा न."

वैभव हसला होता. तुळजाबाई हसल्या नव्हत्या.

भोजनालय धंतोलीत, दवाखान्याच्या मागच्या गल्लीत होतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार हे वैभवच्या डायलिसिसचे दिवस. मायलेक कोराडीच्या कॉलनीतून पहाटेच्या बसने निघत. चार तास वैभव यंत्राला जोडलेला असे आणि तुळजाबाई बाहेरच्या बाकावर. सुटल्यावर त्याचे पाय लटपटत, म्हणून दुपारी इथेच जेवायचं आणि मग परतीची बस धरायची. वैभव एकोणतीस वर्षांचा, वीज केंद्रात तंत्रज्ञ. चौदा महिन्यांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या बसल्या होत्या. वडिलांचा, शालिकरामांचा, रक्तगट जुळला नाही. तुळजाबाईंचा जुळला. बाकीच्या तपासण्याही एकामागून एक पार पडल्या आणि सगळं येऊन अडलं साखरेवर.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. "साखर काठावर आहे तुमची. एक किडनी दिल्यावर पुढे मधुमेह झाला, तर उरलेल्या एकीचं काही खरं नाही. वजन उतरवा. तीन महिन्यांनी ग्लुकोजचं पाणी पाजून तपासू. दोन तासांनंतरची साखर एकशेचाळीसच्या खाली आली, तर पुढे जाऊ. वर आली, तर मी तुमची किडनी घेणार नाही."

दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ उत्तरा मॅडम महाल भागात राहणाऱ्या, हळू आणि मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी कागदावर लिहून दिलं: साखर बंद, बटाटा बंद, पोळी आणि भात निम्म्यावर.

निम्म्यावर तुळजाबाईंचा विश्वास नव्हता. उमरेडला माहेरी हातमाग होता. अर्धं विणलेलं लुगडं कुणी अंगाला लावत नाही, हे त्यांनी चालता येऊ लागलं तेव्हापासून पाहिलं होतं. त्यांनी पोळी आणि भात, दोन्ही पार बंद केलं.

घरी हे सोपं होतं. घरी जे शिजे, ते त्यांच्याच हातचं. भोजनालयात मात्र प्रत्येक वाटीची चौकशी करावी लागे. पाटोडी नको, बेसन आहे. दह्यात साखर घातली का? वांग्याच्या भाजीत बटाटा दिसला, की तो काढून ताटाच्या कडेला. वैभव म्हणे, "आई, तू जेवून राहिली का झडती घेऊन राहिली?"

पहिल्याच आठवड्यात त्यांनी रश्श्यात बोट बुडवून चाटलं आणि नानाजींना हाक मारली. "याच्यात भाजल्या ज्वारीचं पीठ किती टाकता गा भाऊ?"

नानाजींचा चेहरा पडला. त्यांच्या वडिलांनी माग मोडून भोजनालयाची चूल मांडली होती, तेव्हापासून तो रस्सा तसाच होता. "विणकराघरचीच बाई अन् घरचंच गुपित चारचौघांत विचारते! पिठाबिगर रस्सा दाट कसा होईन?"

"मले दाट नाही पाहिजे."

नानाजी आत गेले. पुढच्या खेपेला मात्र त्यांनी एक वेगळी वाटी आणून ठेवली. पातळ, लालभडक, वर तेलाचा तवंग. "पीठ लावायच्या आधी काढला," ते म्हणाले. "सकाळी साडेदहाला. ध्यानात ठेवून." त्या दिवसापासून आठवड्यातून तीनदा तुळजाबाईंसाठी पिठाआधीचा रस्सा बाजूला निघू लागला.

वैभवसमोर दोन पोळ्या, थोडी भाजी आणि अर्ध्या लिटरची बाटली असे. ती बाटली दिवसभर पुरवायची. जेवताना तो एकच घोट घेई, आणि तोही तोंडात घोळवत. एकाच टेबलावर त्याचं पाणी मोजलेलं आणि आईचं अन्न मोजलेलं. बाजूच्या टेबलांवर लोक पोळीवर पोळी मागवत, पाण्याचे जगच्या जग रिते करत.

तीन महिन्यांत तुळजाबाईंचं वजन आठ किलोंनी उतरलं. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकू लागल्या.

चाचणीच्या आठवडाभर आधी उत्तरा मॅडमनी त्यांना बोलावून आणखी एक चिठ्ठी दिली आणि तोंडीही सांगितलं, "चाचणीच्या आधीचे तीन दिवस पोळी-भात पोटभर खायचा. रोज. हे विसरू नका."

तुळजाबाईंनी मान हलवली, चिठ्ठीची घडी घातली आणि ती पाकिटाच्या आतल्या कप्प्यात ठेवून दिली. परीक्षा तोंडावर आल्यावर कोणी मुलाला खेळायला सोडतं का? मॅडमचं बरोबर असेल, पण ते बाकीच्यांसाठी. ज्यांचं काळीज टांगणीला लागलेलं नसेल, त्यांच्यासाठी. नवसाचे शेवटचे दिवस माणूस जास्तच कडक पाळतो, तसे त्यांनी ते तीन दिवस पाळले. भाजीतला कांदासुद्धा वेचून काढला. वैभवला काही बोलल्या नाहीत.

शनिवारी सकाळी तो यंत्रावर असताना त्या खालच्या प्रयोगशाळेत गेल्या. सुई टोचण्याआधी तिथल्या मुलीने विचारलं, "तीन दिवस पोळी-भात खाल्ला ना, काकू?"

"हाव," तुळजाबाई म्हणाल्या.

ग्लुकोजचं पाणी इतकं गोड होतं, की घशाखाली उतरेना. तीन महिन्यांत जिभेला गोड लागलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटून ते संपवलं. दोन तास भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसल्या. पुन्हा रक्त दिलं.

आकडा आला एकशे एकाहत्तर.

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. "वजन चांगलं उतरवलंत तुम्ही," ते म्हणाले. "पण यावर मी पुढे जाऊ शकत नाही. वैभवचं नाव प्रतीक्षायादीत आहेच. वाट पाहू."

तुळजाबाईंनी लेकाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर निराशा असेल असं त्यांना वाटलं होतं. ती नव्हती. त्याचे खांदे सैल पडले होते. खूप दिवस डोक्यावर असलेलं ओझं कोणीतरी उतरवून घ्यावं, तसे. आकड्याचं दुःख त्यांनी कसंबसं गिळलं होतं, हे गिळवेना.

भोजनालयात त्या ताटासमोर नुसत्याच बसून राहिल्या. पिठाआधीच्या रश्श्यावरचा तवंग थिजत चालला होता. नानाजींनी लांबूनच ओळखलं. जवळ येऊन वैभवला हळूच विचारलं, त्यानं नकारार्थी मान हलवली.

शनिवारी उत्तरा मॅडमही तिथेच जेवत. त्या आत येऊन हात धूत होत्या, तेवढ्यात नानाजी त्यांच्यावर घसरलेच.

"मॅडम, हे काही न्यायाचं नाही बाप्पा. ह्या बाईनं तीन महिने माझ्याकडं भाताचं शीत तोंडात घेतलं नाही. मी सोता पाहिलं आहे. परवा गुरुवारी मी म्हणलं, एक घास तरी खा, चक्कर येऊन पडसान. तं दोन अंडी अन् मेथी, बस! एवढं करूनबी तुमची मशीन नापास करते?"

उत्तरा मॅडमचा हात नळाखाली तसाच राहिला. "गुरुवारी?"

"परवाच्या गुरुवारी. मंगळवारीबी तेच."

त्यांनी नळ बंद केला आणि येऊन तुळजाबाईंच्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. "तुळजाबाई, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. तिन्ही दिवस काय खाल्लंत ते मला सांगा. जसं असेल तसं."

तुळजाबाईंनी पाकीट उघडून घडी घातलेली चिठ्ठी टेबलावर ठेवली. "मले समजलं होतं," त्या म्हणाल्या. "मी खाल्लं नाही."

"आणि प्रयोगशाळेत?"

"खोटं बोलली."

वैभवने ताटातला हात काढला. "काहून, आई?"

"घास उचलला, की मले वाटे, तुझ्या जिवातला कमी करून राहिली मी."

मागे कोणीतरी आणखी दोन पोळ्या मागितल्या.

उत्तरा मॅडम रागावल्या नाहीत. शब्द निवडत त्या म्हणाल्या, "तीन महिने तुमच्या शरीराला पीठ मिळालं नाही, तेव्हा साखर जिरवायची त्याची सवय सुटली. आज एकदम ग्लासभर ग्लुकोज आलं, ते त्याला झेपलं नाही. म्हणून ते तीन दिवस सांगितले होते. सवय परत यावी म्हणून. आजचा आकडा तुमच्या आजाराचा आहे की तुमच्या उपासाचा, हे आता मीही सांगू शकत नाही आणि डॉक्टरही नाही."

तुळजाबाईंना वडिलांचा माग आठवला. सुतकात तेरा दिवस बंद राहिलेल्या मागावर पहिली वीतभर वीण नेहमी सैल पडे. वडील ती वीत पाहून लुगड्याची पारख करत नसत.

"म्हणजे पुन्हा?" त्यांनी विचारलं.

"मी डॉक्टरांशी बोलते. पुढच्या शनिवारी. पण पुन्हाही वर येऊ शकतो, तुळजाबाई. मी कसलाच शब्द देत नाही."

वैभव मधेच बोलला. "मॅडम, नका करू पुन्हा. झालं ते बरंच झालं. हिची किडनी घ्याची अन् उद्या हिलेच त्या बेडवर झोपवाचं का? मले नाही पाहिजे."

"ते तुम्ही दोघांनी ठरवा," उत्तरा मॅडम उठत म्हणाल्या. "फक्त चुकीच्या आकड्यावर ठरवू नका."

रविवार-सोमवार घरात कोणी तो विषय काढला नाही. सोमवारी संध्याकाळी उत्तरा मॅडमचा फोन आला. डॉक्टर शनिवारी पुन्हा चाचणी करायला तयार होते. उद्यापासूनच खायला सुरुवात करा, म्हणाल्या, एक दिवस जास्तीचा धरून.

मंगळवारी दुपारी नानाजींनी थाळी स्वतः आणली. दोन पोळ्या, भाताची मूद, डाळ आणि रश्श्याची वाटी. या खेपेला रस्सा दाट होता. "पीठ लावलेला," ते म्हणाले. "सगळ्यांचाच." आणि तिथे न थांबता गल्ल्याकडे गेले.

तुळजाबाईंनी पोळीवर हात ठेवला. ती गरम होती. तीन महिने हीच पोळी समोर आली, की त्यांना वैभवचा यंत्रावरचा हात दिसे, नळ्या खुपसलेला, फुगलेल्या शिरांचा. आता त्या हाताला धक्का न लावता ती मोडायची कशी? बोटं जागची हलेनात.

"खाय न, आई."

"खाईन. थांब जरा."

"थंडी होऊन राहिली."

त्यांनी मान खाली घातली. समोर बसलेला वैभव बराच वेळ बाटलीचं झाकण फिरवत राहिला. पोळी मोडलीच गेली नाही, तर शनिवारी काही उरणार नव्हतं. चाचणी नाही, आकडा नाही. पुन्हा मंगळवार, गुरुवार, शनिवार. तो नुसता गप्प बसून राहिला असता, तरी त्याला हवं तेच झालं असतं.

त्यानं झाकण लावलं. हात पुढे करून आईच्या ताटातली पोळी मोडली, तुकडा रश्श्यात बुडवला, वाटीच्या काठाला निथळला आणि तिच्यापुढे धरला. मनगटावर सकाळच्या सुयांची पट्टी अजून तशीच होती.

"घे," तो म्हणाला. "खरा आकडा येऊ दे. मंग खाली आला, तं घेईन मी. वर आला, तं तू रडाचं नाही."

तुळजाबाईंनी त्याच्या हातचा घास घेतला. ज्वारीची खमंग चव जिभेवर पसरली, लहानपणापासूनची. त्यांनी तो सावकाश चावला. मग दुसरा स्वतः मोडला. दोन पोळ्या झाल्या, मूद झाली. ताट त्यांनी निपटून काढलं.

शनिवारी प्रयोगशाळेतल्या मुलीने तोच प्रश्न विचारला. तुळजाबाईंनी चार दिवसांचं जेवण घासागणिक सांगायला सुरुवात केली, तेव्हा तिने हसून थांबवलं. या वेळी त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

आकडा एकशे चौतीस आला.

डॉक्टरांनी कागद खाली ठेवला. "चालेल," ते म्हणाले. "पण काठापासून फार लांब नाही. ऑपरेशनपर्यंत आणि त्यानंतरही, तुम्हाला जपूनच खावं लागेल. कायमचं." मग वैभवकडे वळून म्हणाले, "तुमची संमती?"

वैभवने आईकडे पाहिलं नाही. "हो," म्हणाला.

दुपारी भोजनालयात नानाजी उभेच होते. वैभवने दुरूनच मान हलवली. या वेळी वरखाली. नानाजींनी खांद्यावरच्या फडक्याने उगीचच टेबल पुसलं, पुसलेलंच पुन्हा पुसलं आणि विचारलं, "मंग आता काय वाढू?"

"एक पोळी," तुळजाबाई म्हणाल्या. "मॅडमनं निम्मं सांगतलं आहे. निम्मंच." त्यांनी वाटी पुढे सरकवली. "अन् रस्सा पिठाआधीचा ठेवला असन, तं द्या."

"ठेवला आहे," नानाजी म्हणाले. "सकाळी साडेदहालेच काढला होता."