नारळी पुनवेचे तीन गुण

डॉक्टर प्रभाकर पेंडसे खूश झाले की चष्मा काढून पुसायचे. त्या गुरुवारी तर त्यांनी तो दोनदा पुसला.

"मंजुळाबाई, हे बघा! जूनमध्ये अठरा गुण, आज फक्त तीन. आवडाबाईंच्या गोळ्या बंद करू या."

नौपाड्यातल्या आपल्या दवाखान्यात डॉक्टरांनी पंच्याण्णव साली उदासीच्या आजारासाठी बारा प्रश्नांचा कागद सुरू केला होता. झोप लागते का, कामात मन रमतं का, जगणं नकोसं वाटतं का. दर महिन्याला तेच प्रश्न. गुण जास्त तितका आजार जास्त. एरवी विचारायची नर्स मंजुळा, पण आज ती लशी टोचण्यात गुंतलेली. डॉक्टरांनीच विचारलं, आणि आवडाबाईने सगळ्याला "बरा हाय" म्हणून टाकलं.

मंजुळाने बाकावरच्या आवडाबाईकडे पाहिलं. दोघी बाळकुमच्या कोळीवाड्यातल्या. आज नारळी पुनव. घरोघरी म्हाताऱ्यांनीसुद्धा वेण्या माळलेल्या. आवडाबाईचा अंबाडा बोडका होता, आणि म्हणे बरी!

"डॉक्टर, तो कागद फाडा."

"काय?"

"उद्या हिच्या नवऱ्याची होडी खाडीत उतरणार. आमच्यात आजच्या दिवशी घरची बाई वाईट बोलतच नाही. गोळ्या चालू ठेवा. होडी परत आली की मी विचारते."

हे शास्त्र आहे, पंचांग नव्हे, असं डॉक्टर बरंच काही बोलले. पण मंजुळा मागे हटणाऱ्यातली नव्हती. तिने गोळ्यांची पुडी हट्टाने मागून घेतली आणि होडी येईपर्यंत आवडाबाईच्या सोबतीला आपल्या आईला धाडलं.

शनिवारी होडी परतली. मंजुळा कागद घेऊन आवडाबाईच्या ओट्यावर बसली.

"जगना नकोसा वाटतो का गो?"

"वाटतो. पुनवेलापन वाटत व्हता." आवडाबाई खाडीकडे बघत राहिली. "पन घोव होडी घेऊन जानार, त्याचे आदी मरनाचा नाव कसा घेऊ?"

एवढं बोलून ती मंजुळाच्या खांद्यावर हमसून हमसून रडली. मंजुळालाही रडू आवरलं नाही. गुण एकोणीस झाले.

सोमवारी डॉक्टरांनी तो आकडा पाहिला. "आणि मी गोळ्या बंद करत होतो," एवढंच म्हणाले. त्याच दिवशी त्यांनी औषध वाढवलं आणि आवडाबाईला दर आठवड्याला बोलावलं. भिंतीवरचं कॅलेंडर काढून स्वतःच्या टेबलावर ठेवलं.

दिवाळी होऊन गेल्यावर आवडाबाई तपासणीला आली. अंबाड्यात अबोलीची वेणी होती. डॉक्टरांनी आधी कॅलेंडर पाहिलं, मग मंजुळाकडे.

"आज सण नाही ना? आणि होडी?"

आवडाबाई खुदकन हसली. कित्येक महिन्यांत मंजुळाने तिला हसताना पाहिलं नव्हतं.

"होडी धक्क्याला हाय, डॉक्टर. इचारा, आज खरा सांगते."

गुण सहा आले. डॉक्टरांनी चष्मा काढला, पण पुसले ते डोळे.