सासूबाईंच्या बुंध्यापाशी तिरका काप

दादाचे डोळे गेले आणि त्याने पहिलं काम काय केलं असेल, तर आमचं बागकामाचं मासिक बंद करायचं ठरवलं. "जे मला वाचता येत नाही, ते मी छापणार नाही," म्हणाला. संपला विषय! संपादक तो. मी त्याची धाकटी बहीण, उपसंपादक, म्हणजे सगळी धावपळ माझी आणि शेवटचा शब्द त्याचा. तो मला ठिणगी म्हणतो, त्यातच काय ते समजून घ्या.

वाचून दाखवायला वहिनी होत्या की. पण खतांचं प्रमाण आलं की वहिनींना जांभया येतात. "पुढे खताबद्दल बरंच काय काय आहे," असं म्हणून त्या सरळ पान उलटायच्या. दादा भडकायचा. "दुसऱ्याने चावून दिलेला घास मी गिळणार नाही," असं म्हणून खोलीचं दार लावून घ्यायचा. ऑफिसात त्याची खुर्ची तशीच पडलेली. मी तिकडे पाठ करून बसायचे. मासिक मला हवंच होतं, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त मला माझा खेकसणारा दादा परत हवा होता.

"हा अंक शेवटचा," त्याने जाहीर करून टाकलं. निरोपाचं संपादकीयसुद्धा मलाच लिहायला लावलं. मी ते दातओठ खात लिहिलं. आणि अंक छापखान्यात जायच्या आधी, त्याला न विचारता, त्याची पीडीएफ बाहेरच्या एका कंपनीकडे धाडून दिली. छपाईची पीडीएफ घ्यायची आणि तिची फोनवर वाचायची आवृत्ती करून द्यायची, हा त्यांचा धंदा. फोन ती मोठ्याने वाचतो. हवं तिथे थांबवा, मागे न्या, एकेक अक्षर करून ऐका. त्याला जांभया येत नाहीत, हे मुख्य.

कंपनीतल्या बाई काहीही विचारलं तरी "होऊन जाईल, मॅडम," एवढंच म्हणायच्या. म्हणून मी त्यांचं नावच 'होऊनजाईल' ठेवलं.

पहिली आवृत्ती आली. दिसायला काय देखणी! बोट लावलं की पान फर्रकन उलटायचं. मी मोठ्या तोऱ्यात दादापुढे फोन धरला. फोन म्हणाला, "चित्र." मी पान उलटलं. फोन म्हणाला, "चित्र."

"तुझी ही बाई एकच शब्द शिकलीय वाटतं," दादा म्हणाला आणि उठून गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मी होऊनजाईलबाईंना फोनवर असं झापलं की शेजारच्या दुकानदाराने शटर अर्धं खाली ओढलं. "अहो, पानांचे फोटो कसले पाठवता? मला अक्षरं हवीत, अक्षरं!"

"होऊन जाईल, मॅडम."

दुसरी आवृत्ती आली तेव्हा दादा हजर राहायलाच तयार नव्हता. वहिनींनी त्याला चहाच्या निमित्ताने टेबलाशी बसवलं. पानावर डावीकडच्या कॉलमात गुलाबाची छाटणी होती आणि उजवीकडे वाचकांची पत्रं. फोनने घसा साफ केल्यासारखा एक आवाज काढला आणि दोन्ही कॉलम सरळ आडवे वाचत सुटला:

"छाटणीसाठी धारदार कात्री घ्यावी आणि आमच्या सासूबाईंच्या बुंध्यापाशी तिरका काप द्यावा. मग त्यांच्या मैत्रिणींनाही अंक फार आवडला."

वहिनींनी कप खाली ठेवला.

"यात चूक कुठे आहे?" वहिनी म्हणाल्या.

"वहिनी! तुमच्या सासूबाई म्हणजे माझी आई आहे!"

आणि दादा हसला. चहा नाकात जाईपर्यंत, टेबल बडवून हसला. डोळे गेल्यापासून त्या घरात हा आवाजच नव्हता. वहिनी पदराने डोळे पुसत होत्या आणि ते काही निव्वळ हसण्याचं पाणी नव्हतं.

"पुढे लाव," दादा म्हणाला.

पुढे कुंडीत कोणती माती भरावी त्याचा लेख होता. फोन म्हणाला, "चकिणमाती."

"थांब. मागे घे." दादा ताठ बसला. "चकिण? चिकण म्हण की, बाई! वेलांटी घसरलीय." त्याने माझ्या हातून फोन काढूनच घेतला. मग 'फकिट' सापडलं, 'कडिका' सापडलं. त्या लेखात जागोजागी ऱ्हस्व वेलांटी आपलं अक्षर सोडून एक घर पुढे उडी मारत होती. थोड्या वेळाने दादानेच होऊनजाईलबाईंना फोन लावला. "बाई, वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, पण असते त्याच अक्षराची. शेजाऱ्याच्या घरात शिरू देऊ नका तिला. आणि एक कॉलम तळापर्यंत उतरल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही."

"अय्या, खरंच की!" बाई म्हणाल्या. पहिल्यांदाच काहीतरी वेगळं बोलल्या बिचाऱ्या.

तिसरी आवृत्ती आली आणि दादा फोन घेऊन खोलीत गेला, एकटाच. दार बंद. मी बाहेर येरझारा घालत होते. वहिनी एकच टॉवेल घडी करायच्या, मोडायच्या, परत घडी करायच्या. आतून खतांचं प्रमाण ऐकू आलं, सगळंच्या सगळं, शेवटच्या चमच्यापर्यंत. त्याने ते पुन्हा मागे नेऊन ऐकलं. मग माझं निरोपाचं संपादकीय सुरू झालं आणि मी दाराला कान लावला. आवाज थांबला.

दार धाडकन उघडलं.

"हे संपादकीय कोणत्या गाढवाने लिहिलंय?"

"मी."

"रडकं आहे! प्रत्येक परिच्छेदात जड अंतःकरण. वाचक काय आपल्या मयताला आलाय?"

"निरोपाचं आहे रे ते! तूच सांगितलंस ना?"

"कुणाचा निरोप? कुठे चाललोय आपण?" भिंतीला एक हात लावून तो उभा होता आणि दुसऱ्या हाताने फोन नाचवत होता. "काढून टाक. पुढच्या वर्षी काय काय लावायचं त्यावर लिही. आणि छापायच्या आधी मला पाठव, मी ऐकल्याशिवाय एक ओळ जाणार नाही."

मला रडू कोसळलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. "हे आत्ता सांगतोस? सगळी पानं लावून झालीयेत, दादा! छापखान्याला मी काय तोंड दाखवू?"

"ओरडू नकोस, ठिणगे, घरात ओरडायचं नाही. ऑफिसात जाऊन भांडू. अगं, माझ्या चपला कुठे ठेवल्यास?" हे शेवटचं वहिनींना. त्यांनी टॉवेल तिथेच टाकला आणि चपला शोधायला धावल्या.

ऑफिसपर्यंत दादाने माझा दंड धरला होता आणि रस्ताभर आमचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. मला इतका आनंद झाला होता की मी एकदाही माघार घेतली नाही.