वाऱ्याकडची बाजू

तिसरी काडीही विझली, आणि आर्लिसला मनातून बरं वाटलं. पेटतच नाही तर आपण तरी काय करणार, असं ती स्वतःशी म्हणाली आणि लगेच तिची तिलाच लाज वाटली. तिने हातमोजा काढून कपाळ पुसलं. एप्रिलमधली गार सकाळ होती, तरी तिला दरदरून घाम फुटला होता.

समोर तिच्या नवऱ्याचा, गेरिटचा माळ उभा होता. माळ म्हणजे काय, तर घरामागची साठ फूट लांब नि चाळीस फूट रुंद जागा. आयोवातल्या त्या छोट्या गावात सगळ्यांच्या मागच्या अंगणात तासून काढल्यासारखी हिरवळ. गेरिटने मात्र एकतीस वर्षांपूर्वी आपली हिरवळ खणून काढली आणि या मुलखात नांगर यायच्या आधी जे आपोआप उगवत होतं, ते तिथे लावलं. शनिवारी कागदी पिशव्या घेऊन तो रुळांच्या कडेने हिंडायचा, जुन्या दफनभूमीच्या कोपऱ्यात, जिथे कधी फाळ लागला नाही तिथे, गुडघ्यावर बसून मूठमूठ बी गोळा करायचा. जांभळ्या पाकळ्यांची काटेरी बोंडाची फुलं, रुईच्या जातीचं केशरी फुलांचं झुडूप, पानं उत्तर-दक्षिण धरून उभं राहणारं उंच पिवळं झाड, आणि त्या सगळ्यांना सावरून धरणारं छातीइतकं निळसर गवत. नोकरी मात्र रस्त्याच्या कडेचं गवत कापायची. मागच्या घरातली नेल्डा रॉस्कम त्यावरून तीस वर्षं त्याला चिडवत आली होती. "दिवसभर सरकारचं गवत कापायचं आणि घरी येऊन स्वतःचं वाढवायचं. आर्लिस, तुझ्या नवऱ्याचा एक स्क्रू ढिला आहे बघ."

आर्लिस भित्री होती, आणि हे तिला स्वतःला पूर्ण मान्य होतं. विजा कडाडल्या की ती तळघरात जाऊन बसे. हमरस्ता टाळून ती लांबच्या आडरस्त्याने गाडी नेई. वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात तिने तीस वर्षं चादरींच्या घड्या केल्या, पण तिथल्या मोठ्या इस्त्रीला कधी हात लावला नाही. आणि सगळ्यात जास्त भीती कशाची, तर आगीची. आग तर माळाला दर तिसऱ्या वर्षी लागतेच. ती लावावीच लागते. नाहीतर जुनं वाळलेलं गवत गादीसारखं दडपून बसतं आणि खालच्या फुलांना डोकं वर काढता येत नाही. गेरिट जाळायचा तेव्हा आर्लिस पाण्याची नळी घट्ट धरून स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहायची आणि अर्धा वेळ डोळे मिटून घ्यायची.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्याच्या तोंडावर गेरिटला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. माळ तेव्हापासून तसाच राहिला. मागच्या उन्हाळ्यात खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसून त्याने जांभळी फुलं मोजली आणि डाव्या हाताची बोटं पसरून आर्लिसला दाखवली. पाच. पूर्वी तीनतीनशे असायची. तो त्या दिवशी जेवला नाही.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी आर्लिसला बाजूला घेऊन सांगितलं होतं, दुसरा झटका कधीही येईल, आणि आला तर त्यातून ते निघतील असं वाटत नाही. हा उन्हाळा आनंदात घालवा. हे तिने गेरिटला सांगितलं नव्हतं. पण मार्च लागल्यापासून तो रोज खिडकीतून माळाकडे बोट करी आणि मग अंगठा बोटावर घासून काडी ओढल्यासारखं करी. आर्लिस म्हणे, "हो रे बाबा, बघते." बघता बघता एप्रिल उजाडला. गवताच्या बुडाशी हिरवे कोंब दिसायला लागले. अजून आठवडा गेला असता तर कोंबच जळाले असते आणि मग या वर्षीचा विषय संपला असता.

सकाळी तिने अग्निशमनवाल्या ड्वेनला फोन केला होता. जाळायच्या आधी कळवावं लागतं, नाहीतर कुणीतरी धूर बघून बंब बोलावतं. ड्वेन क्रूझेचं पशुखाद्याचं दुकान होतं आणि बंब तो गावासाठी फुकट चालवायचा.

"काकू, तुम्ही जाळणार?" ड्वेन म्हणाला. "तुम्ही तर केकवरची मेणबत्तीसुद्धा दुसऱ्याला पेटवायला लावता."

"गंमत करू नकोस रे."

"मग शनिवारपर्यंत थांबा ना. मी दोन माणसं घेऊन येतो."

"शनिवारपासून चार दिवस पाऊस सांगितलाय. नंतर उशीर होईल."

"एकटीने जाळायचं नाही हा नियम आहे काकू. बरोबर कोण आहे?"

आर्लिसने खिडकीशी बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं. "गेरिट आहे," ती म्हणाली.

ती खोटं बोलत नव्हती आणि खरंही बोलत नव्हती, हे दोघांनाही कळत होतं. ड्वेन म्हणाला, "वारा बघून घ्या. आणि काही वाटलं तर लगेच फोन करा, लाजू नका."

वारा तिच्या घराकडून नेल्डाच्या घराकडे वाहत होता. मधे माळ, माळाच्या पलीकडे गवत कापून भिजवलेला सहा फुटांचा पट्टा, आणि त्यापलीकडे नेल्डाचं मोरपंखीचं कुंपण. रीत आर्लिसला तोंडपाठ होती. आधी पलीकडची, नेल्डाच्या बाजूची कड पेटवायची. तिथली आग वाऱ्याच्या उलट हळूहळू रांगत येते आणि मागे काळा पट्टा सोडत जाते. तो चांगला रुंद झाला की मग घराकडून, वाऱ्याकडून पेटवायचं. ती आग धावत सुटते, पण काळ्या पट्ट्याशी पोचली की तिला खायला काही उरत नाही.

म्हणून ती पलीकडे जाऊन उभी होती. पण तिथे उभं राहायचं म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर उभं राहायचं. जे पेटेल ते आपल्याच अंगावर झुकणार.

चौथी काडी पेटली. वाळल्या गवताने ती चटकन उचलली, वीतभर ज्वाळा उभी राहिली आणि वाऱ्याने सरळ आर्लिसच्या गुडघ्यांवर वाकली. धूर डोळ्यांत गेला. आपण काय करतोय हे कळायच्या आत तिने नळी सोडली आणि आग विझवून टाकली. एवढंच नाही, भीतीपोटी ती कितीतरी वेळ पाणी मारत राहिली. भानावर आली तेव्हा ती सगळी कड चिंब झाली होती. आता तिथे दुपारपर्यंत काहीही पेटलं नसतं.

तिने घराकडे बघितलं. खिडकीत गेरिटचा पांढरा चेहरा दिसत होता. त्याने अंगठा बोटावर घासला.

आता आत जाऊन त्याला काय सांगायचं? माझ्याच्याने होत नाही? घराकडून थोडंसं पेटवून बघू, असं तिने ठरवलं. तिथे वारा पाठीवर असेल. धूर तोंडावर येणार नाही. आग आपल्यापासून लांब जाईल. नाहीतरी पलीकडचं भिजलंय, तिथे विझेलच. अगदी एवढंसं पेटवायचं, पायाने विझवता येईल इतकं. भ्यालेल्या माणसाला कुठलीही गोष्ट पटते, तशी तिला ही पटली. नळी पलीकडे तशीच टाकून ती माळाला वळसा घालून घराच्या बाजूला आली.

मागे काचेवर टकटक झाली. तिने वळून पाहिलं नाही. "करतेय रे, करतेय," ती पुटपुटली. काडी ओढून तिने गवताच्या बुडाशी धरली.

टकटक वाढली. गेरिट आता मुठीने काच बडवत होता. घाई करतोय, असं तिला वाटलं. तो घाई करत नव्हता. तो तिला थांबवत होता, आणि हे तिला समजलं तेव्हा गवत पेटलं होतं.

ती आग रांगली वगैरे काही नाही. एक क्षण ती घुटमळली आणि मग वाऱ्याने तिला उचललं. चार वर्षांचं साठलेलं गवत तडतडत पेटलं, ज्वाळा आर्लिसच्या डोक्यावर गेल्या आणि अख्खा माळ नेल्डाच्या घराच्या दिशेने धावत सुटला. आवाज इतका मोठा होता की आर्लिसला स्वतःचं ओरडणंही ऐकू आलं नाही. तिचे पाय जागीच खिळले. नेल्डाचं घर जळणार, नेल्डा आत आहे, मी जाळलं. एवढे तीनच विचार तिच्या डोक्यात होते.

आणि मग ती पळाली. आयुष्यात पहिल्यांदा ती भीतीच्या दिशेने पळाली, कारण नळी तिकडे होती. कडेकडेने, एक हात चेहऱ्यावर धरून. ती पोचली तेव्हा आग भिजलेल्या कडेशी आली होती आणि तिथे खरंच अडली होती, फुसफुसत वाफ सोडत होती. पण वरून ठिणग्या उडत होत्या. टोकाच्या एका मोरपंखीने आवाजही न करता पेट घेतला आणि बघता बघता शेजारचीही पेटली.

मागचं दार उघडून नेल्डा बाहेर आली, अंगात झगा, पायात सपाता. तिने एकदा बघितलं, आपला नळ सोडला आणि नळी ओढत आली. "तू खालून मार," ती म्हणाली. "मी वरून मारते. आर्लिस, डोळे उघड आणि मार."

आर्लिसने डोळे उघडे ठेवले. भुवया भाजल्या, कोटाची बाही धुमसायला लागली, तरी ती पाणी मारत राहिली. तिला इतकी भीती वाटत होती की आता आणखी वाटायला जागाच उरली नव्हती. चार मिनिटांत सगळं संपलं. दोन मोरपंखींचे काळे सांगाडे उभे होते आणि त्यांच्यामागे नेल्डाचं घर होतं तसं होतं.

नेल्डा तिथेच गवतावर बसली. "दोनच गेल्या," ती म्हणाली. "तशाही मला आवडत नव्हत्या. पण वाऱ्याकडून पेटवलंस? तू? मला सुद्धा माहितीय कुठून पेटवायचं, आणि मी नुसती खिडकीतून बघत आलेय."

"मला भीती वाटली," आर्लिस म्हणाली. "धूर तोंडावर येत होता. मला भीती वाटली म्हणून मी तिकडून पेटवलं." आणि ती रडायला लागली. "झाडं मी आणून देते. नेल्डा, तुझं घर गेलं असतं गं."

"नाही ना गेलं. पूस डोळे. सगळं तोंड काळं झालंय तुझं." नेल्डाने झग्याच्या बाहीने स्वतःच तिचं तोंड पुसलं. "गेरिटला काय वाटलं असेल हे सगळं बघून?"

तेव्हा आर्लिसच्या लक्षात आलं की काच वाजत नाहीये. तिने मान वर केली. खिडकीत कुणी नव्हतं.

ती तशीच उठली आणि जळलेल्या माळावरून सरळ धावली. पायाखालची राख अजून गरम होती. मागून नेल्डा हाका मारत होती. हा दुसरा झटका आला, आर्लिसला वाटलं. डॉक्टर म्हणाले होते ते आलं, आणि ते मी आणलं. माळ जाळून त्याला उन्हाळा द्यायला निघाले आणि उन्हाळ्याआधीच माणूस घालवून बसले. दाराची कडी तिच्या हातून दोनदा निसटली.

खिडकीशी खुर्ची रिकामी होती. मागच्या दाराजवळच्या बोळात, जिथे कोट आणि पादत्राणं असत, तिथे गेरिट जमिनीवर पडला होता. पाठ भिंतीला टेकलेली, डोकं एका बाजूला कललेलं. आर्लिस त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. "गेरिट. माझ्याकडे बघ. बघ माझ्याकडे."

त्याने बघितलं. तो धापा टाकत होता. तिने त्याचा डावा हात धरला आणि म्हणाली, "दाब." त्याने दाबला, दुखेल इतका दाबला. तिने त्याचं तोंड नीट निरखलं. होतं तेवढंच वाकडं होतं, जास्त नाही. ती त्याच्या छातीवर कपाळ टेकून बराच वेळ तशीच राहिली. त्याच्या सदऱ्यावर काजळीचा मोठा डाग उमटला.

मग तिला दिसलं. गेरिटच्या डाव्या पायात बूट होता. जाळायच्या दिवशी तो घालत असे तो उंच चामड्याचा बूट. खुर्चीतून घसरत, फरशीवरून सरपटत तो इथवर आला होता आणि एका हाताने त्याने तो पाय आत कोंबला होता. नाडीला नुसता एक गुंता होता, तो बांधायचा त्याने किती प्रयत्न केला असेल कोण जाणे. दुसरा पाय मोज्यात तसाच पडला होता. दुसरा बूट जवळ ओढून घेतलेला होता.

नेल्डा दारात आली. तिने तो बूट बघितला. मग हलक्या आवाजात म्हणाली, "चल, दोघी मिळून त्याला पलंगावर घेऊ. तो बूट काढ आधी त्याचा."

गेरिटने दाराकडे पाहिलं. जळलेल्या गवताचा वास आत येत होता.

"खुर्ची आण, नेल्डा," आर्लिस म्हणाली. "त्याला बाहेर घेऊन जायचंय."

तिने डाव्या बुटाच्या नाडीचा गुंता सोडवला आणि नीट गाठ मारली. मग दुसरा बूट उचलून त्याची नाडी खालपर्यंत सैल केली, आणि गेरिटचा उजवा पाय मांडीवर घेतला.