लिंबाने खाल्लेला नंबर

मित्रांनो, मी एक जुनी पेट्रोल व्हॅन आहे आणि आज मी फार घाबरले आहे. या वयात एवढे भिऊ नये म्हणतात. म्हणोत बापडे. भंगारात त्यांना थोडेच जायचे आहे.

वीस वर्षांपूर्वी सोलापूरच्या चनबसप्पांनी मला नवी कोरी घरी आणली. त्यांची पत्नी नागम्मा कडक भाकरी आणि शेंगा चटणी करते. दर आठवड्याला तो माल घेऊन आम्ही मैंदर्गीच्या बाजाराला जातो. मी वाटेत कधी बंद पडले नाही. "आमची गाडी म्हंजे सोनं हाय," असे चनबसप्पा चारचौघांत सांगत आणि मी उगाच फुशारून जात असे.

पाच वर्षांपूर्वी माझी मोठी तपासणी झाली. तेव्हाच्या साहेबांनी माझ्या पत्र्यावर कोरलेला चॅसिस नंबर कागदावर पेन्सिल घासून उतरवला आणि म्हणाले, "हा जपा. गाडीची ओळख यातच आहे." नागम्माने ते मनावर घेतले. तेव्हापासून दर अमावास्येला चाकाखाली लिंबू ठेवून झाले, की दुसरे लिंबू कापून ती त्या आकड्यांवर चोळी आणि वर हळदकुंकू लावी. मला गुदगुल्या होत. इतके लाड कुणाचे होतात?

पुढे दिवस फिरले. ऊन असे तापू लागले, की बाजारात येणारे शेतकरी ज्वारी करपल्याचे सांगू लागले. हा गाड्यांचा धूर भोवतोय, असे जो तो म्हणे. पेट्रोलच्या गाड्या हळूहळू बंद करून विजेच्या आणायच्या, हे सरकारचे धोरण माझ्याही कानावर आले. आधी मला राग आला. मग लाज वाटली, कारण त्यात माझाही धूर होता. पण खरे सांगू? सगळ्यांत जास्त भीती वाटली.

काल पुन्हा तपासणी झाली. ब्रेक पास, दिवे पास, धूरही जेमतेम पास. मग तपासणीच्या भार्गवी मॅडमनी माझ्यावरचे कुंकू पुसले. खाली नुसता गंजका पत्रा होता.

"नंबर कुठे आहे?"

"लई जपलाय की मॅडम," चनबसप्पा म्हणाले.

नागम्मा पुढे झाली. "मीच की ओ. दर आमुशाला लिंबू चोळलं. चकचकीत ऱ्हावा म्हनून."

मॅडमनी बोटाने तो गंज खरवडून पाहिला. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मावशी, लिंबानं आकडेच खाल्ले. ओळख पटल्याशिवाय नोंदणी वाढत नाही. एवढ्या जुन्या गाडीला पुन्हा नंबर कोरून मिळणंही अवघड आहे. भंगारात द्या, आता विजेची घ्या."

नागम्मा तिथेच पायरीवर बसली. तिच्यावर माझा राग नाही, हे मला सांगायचे होते. पण हॉर्न दुसऱ्या कुणी दाबल्याशिवाय मला बोलता येत नाही.

परवा मला भंगारात नेणार आहेत. तिथले यंत्र अख्खी गाडी चावून तिचा गोळा करते म्हणे. ऐकल्यापासून माझी पाचावर धारण बसली आहे.

मित्रांनो, विजेच्या गाड्या माझी जागा खुशाल घेऊ देत. तुमच्या वाट्याला थोडा गार वारा येऊ दे. त्यांच्यावर माया जरूर करा, पण त्यांना काय सोसते ते आधी जाणकाराला विचारा. माझे मागणे एवढेच आहे. मला दोर बांधून ओढत नेतील, असे ऐकते. चनबसप्पांना सांगा, मी अजून चालते. किल्ली त्यांनीच फिरवावी आणि नागम्माने शेजारी बसावे. एकटीला मला भीती वाटते.