चौथ्या रेकॉर्डचं शेपूट

विहारातल्या बायकांनी तानाबाईचं गाणं सिनेमाच्या चालीवर म्हणून पाहिलं, तेव्हा तानाबाईने बाजेच्या लाकडावर असा हात आपटला की शेजारची कपबशी खाली आली.  दसऱ्याच्या कार्यक्रमाची जबाबदारी विमलताईंवर होती. त्यांनी वही मिटली आणि तानाबाईच्या मुलाला, बळीरामला, म्हणाल्या, चाल सापडली तर सांग, नाही तर हे गाणं राहू दे, दुसरी पुष्कळ आहेत.

यात चूक कोणाचीच नव्हती. तानाबाई सोळा वर्षांची असताना सासरच्या माणसांबरोबर, थोडं पायी आणि थोडं मिळेल त्या गाडीने, यवतमाळहून नागपूरला दीक्षेला गेली होती. परत येता येता तिने हे गाणं रचलं आणि पुढे दर दसऱ्याला ते म्हटलं. यंदा त्या दीक्षेला पन्नास वर्षं होत होती. पण दोन वर्षांपूर्वी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं, तेही नागपूरलाच. तंबाखूने घसा खाल्ला होता. जीव वाचला, आवाज गेला. गळ्याला एक भोक राहिलं आणि त्यावर मलमलीचा तुकडा. ओठ हलत, बाहेर काही येत नसे.

तिला लिहिता येत नव्हतं, पण शब्द तेवढे मिळाले होते. बळीरामची मुलगी वैष्णवी नववीत होती. ती शाळेतून आली की आजीसमोर बसे, ओठ पाही, एकेक शब्द मोठ्याने म्हणून विचारी. बरोबर असला तर आजी मान हलवी. नऊ कडवी लिहून व्हायला तीन महिने लागले. पण चाल काही ओठांवर दिसत नाही. बरोबरीने म्हणणाऱ्या दोघी होत्या. त्यातली एक वारली. दुसरी लेकाकडे चंद्रपूरला गेली, तिला आता लेकाचं नावही आठवत नाही.

आणि बळीराम तर पोटचा मुलगा. लहानपणापासून हे गाणं त्याच्या कानावर होतं. पण आठवायला बसला की पहिल्या ओळीनंतर डोक्यात भलतंच गाणं सुरू होई. पंचवीस वर्षं त्याने गावाला गाणी भरून दिली होती. त्याचे कान म्हणजे लग्नघराबाहेर चपला काढायची जागा झाले होते. सगळ्यांच्या होत्या, त्यात आपली कुठली ते सापडत नव्हतं.

दुकान दत्त चौकाच्या मागच्या गल्लीत. आता तिथे मोबाइलची रिचार्ज कार्डं मिळत, पण पाटीवर ‘रेकॉर्डिंग’ हा शब्द अजून होता. पूर्वी लोक कोरी कॅसेट आणि गाण्यांची चिठ्ठी देऊन जात आणि तो कॅसेट भरून ठेवी. हे काम कसं चाले ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. मोठ्या रेकॉर्डची एक बाजू वीस-बावीस मिनिटांत संपते. मग उरलेली फीत? ती कोरी सोडली तर गिऱ्हाईक भांडायला येई, की कॅसेट अर्धी रिकामीच दिली. म्हणून यवतमाळात कुठलाच रेकॉर्डिंगवाला फीत कोरी सोडत नसे. उरलेल्या जागेत आपल्या मनाने काहीबाही भरून देई. धंद्यात त्याला शेपूट म्हणत.

अशाच एका शेपटात आईचा आवाज होता. हे बळीरामला आठवलं ते बायका गेल्यावर, बशीचे तुकडे वेचताना. आठवल्यावर उठून उभं राहावं तर त्याला उलट खाली बसावंसं वाटलं. कारण ते शेपूट कोणाच्या कॅसेटला होतं तेही आठवलं, आणि त्या वेळी आपण काय बोललो तेही.

अठ्ठ्याऐंशी साली सलील नावाचा बारावीतला मुलगा दुकानात येई. वडील दीनानाथ कचेरीत हुद्द्यावर, घर शिकलेल्यांचं. मामा अमेरिकेत. मामा येताना तिकडच्या एका रॉक बँडच्या रेकॉर्ड घेऊन येई. बँडचं नाव टिन ऑर्चर्ड. गल्लीतली पोरं त्यांना टिनवाले म्हणत. सलीलच्या घरी रेकॉर्ड होत्या, वाजवायचं यंत्र बळीरामकडे होतं, तेव्हा दोघांचं जमलं. टिनवाल्यांच्या मोठ्या रेकॉर्ड सात, आणि दोन-दोन गाण्यांच्या छोट्या पाच-सहा. इंग्रजी नावं वाचायचा बळीरामला कंटाळा. तो कव्हरावरून ओळखे. पहिली विहिरीची, दुसरी पिवळ्या मोटारीची, तिसरी कोऱ्या कव्हराची, चौथी खुर्चीची. खुर्चीच्या कव्हरावर कापून नेलेलं एक शेत होतं आणि त्यात मधोमध एक रिकामी खुर्ची. कोणी बसायला येणार आहे की उठून गेलं आहे, यावर पोरं वाद घालत.

सलील मात्र यादी ठेवी. लाल कापडी पाठीचं रजिस्टर, त्यात रेकॉर्डचं नाव, साल, बाजू, गाणं, मिनिटं आणि सेकंद. त्याची अट एकच, शेपटात हिंदी गाणं टाकायचं नाही.

खुर्चीच्या रेकॉर्डची दुसरी बाजू तेवीस मिनिटांत संपली. टाकण्यासारखं काही हाताशी नव्हतं. आई डबा घेऊन आली होती आणि पायरीवर बसून आपल्याशीच ते गाणं म्हणत होती. बळीरामने माइक तिच्यापुढे धरला आणि ‘म्हण’ म्हणाला. तिने अख्खं गाणं म्हटलं, थेट सलीलच्या कॅसेटवर. दुसरी प्रत कधी झालीच नाही.

दोन दिवसांनी सलीलने विचारलं, शेवटी गाते ती बाई कोण? बळीरामने त्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं. पायरीवर तंबाखू मळत बसलेली आई त्याच्या डोळ्यांसमोर आली. तो म्हणाला, रेडिओवरून घेतलं, असंच कोणीतरी. खोटं एवढंसं होतं. अठरा वर्षं टिकलं.

रविवारी दुपारी तो सलीलच्या घरी गेला.

सलील आता छत्तिशीचा होता आणि वडिलांसारखाच सरकारी नोकरीत. त्या वर्षी यवतमाळचं नाव रोज पेपरात असे, आणि कशासाठी ते सगळ्यांना ठाऊक होतं. सलीलचं काम गावोगाव जाऊन जीव दिलेल्या शेतकऱ्यांच्या चौकशीचे कागद भरायचं. कोणाचा बाप गेला, कोणाचा नवरा गेला, कागदावर कापूस किती, आणि शेवटी मयत मदतीला पात्र की अपात्र. रविवार असूनही टेबलावर फायली होत्या. बळीरामला पाहून त्याने त्या बाजूला सारल्या. टिनवाल्यांचं नाव निघताच त्याचा चेहरा थोडा मोकळा झाला. बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यातून त्याने कॅसेटी काढल्या, रजिस्टरही काढलं. सातही होत्या. बळीरामच्याच अक्षरातली लेबलं.

बळीरामने खुर्चीची उचलली आणि म्हणाला, हिच्या शेपटात एका बाईचं गाणं होतं, ते पाहिजे.

 सलीलने रजिस्टरचं पान उघडून पुढे सरकवलं. चौथी रेकॉर्ड, दुसरी बाजू. सात गाणी निळ्या शाईत, आणि आठव्या ओळीवर लाल रेघ.

“ते मी पुसलं, बळीरामभाऊ.”

मग त्याने हळूहळू सांगितलं. पाच वर्षांपूर्वी सायबर कॅफेत बसून त्याने टिनवाल्यांची छापील यादी काढली. त्यात खुर्चीच्या दुसऱ्या बाजूला सातच गाणी. आपली यादी चुकीची आहे हे त्याला सहन होईना. मामेभावाने त्या काळातल्या एका छोट्या रेकॉर्डचं मागच्या बाजूचं गाणं पाठवलं होतं. पुन्हा भरता येऊ नये म्हणून मोडलेल्या कॅसेटच्या खाचेवर चिकटपट्टी लावून त्याने ते बाईच्या गाण्यावर भरलं. त्याच वर्षीचं गाणं, म्हणजे तिथेच शोभणारं. पुढे सीडी आल्या आणि त्याने कॅसेटींना हात लावला नाही.

“पण गंमत सांगू का,” सलील म्हणाला, “आता सीडीवर शेवटचं गाणं संपलं, तरी मी लगेच उठत नाही. कान थांबून राहतो. बाई येईल म्हणून.”

बळीराम रजिस्टरकडे पाहत राहिला.

“ते माही माय व्हती,” तो म्हणाला.

“तुम्ही तर रेडिओ म्हणाला होता.”

“म्हणलो व्हतो.”

आतून पाण्याचा तांब्या आला. सलीलने तो बळीरामपुढे सरकवला. माफी मागावी तर कशी, हे त्याला समजत नसावं. 

“तुमी कायले जिवाले लावून घेता,” बळीराम म्हणाला. “तुमी यादी बरोबर केली. म्याच तुमाले खोटं सांगतलं.”

तो जायला उठला. उठता उठता पुन्हा त्याची नजर पानावर गेली, धंद्याच्या सवयीने, उजवीकडच्या आकड्यांवर. लाल रेघेखाली अजून वाचता येत होतं. ‘८. बाई. ६ मि. २० से.’ आणि खाली नवं गाणं. ४ मि. ५० से.

“हे तुमी घड्याळ लावून लिवलं व्हतं न?”

सलील म्हणाला, सेकंदासकट.

“गानं भरून झाल्यावर काय केलं?”

“बटण बंद केलं.”

“पुढची फीत पुसली का?”

सलीलने त्याच्याकडे पाहिलं. त्याने पुसली नव्हती. त्याचं गाणं जिथे संपलं तिथेच यंत्र थांबलं होतं.

घरचा प्लेअर केव्हाच बिघडला होता, म्हणून दोघे दुकानात आले. भारनियमन होतं, वीज चारला यायची. पायरीवर बसून राहिले. सलीलने विचारलं तेवढ्याचीच उत्तरं बळीरामने दिली. आईचं वय, ऑपरेशन, विहारातला कार्यक्रम. मग सलील स्वतःहून म्हणाला की एकेकाळी यादी करताना हात शिवशिवायचा, आता यादी म्हटलं की पेनाचं टोपणही काढावंसं वाटत नाही. बळीरामने मान हलवली. 

चारला पाच कमी असताना पंखा हिसका देऊन फिरू लागला. बळीरामने डेकचं डोकं कापसाने पुसलं, कॅसेट घातली, फीत पुढे नेली. टिनवाल्यांचं ते छोट्या रेकॉर्डवरचं गाणं वाजलं. गिटार, मग ढोल, मग माणूस थकल्यासारखं काही म्हणत होता. दोघांनी त्यातला एकही शब्द ऐकला नाही. गिटारची शेवटची तार विरली. टक असा आवाज झाला. आणि शब्दाच्या मधूनच, जसं कोणी दार लोटून आत यावं, तशी तानाबाई गाऊ लागली.

आठव्या कडव्याचा थोडा भाग आणि नववं पुरतं. रीत अशी, की शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याने आपलं नाव घालायचं.

‘डोईवर भाकर, पायात काटा, नागपूर दूर वं,
ताना म्हणे, मागल्या वाटेची उडून गेली धूळ वं.’

मग पायरीवरून जाणाऱ्या सायकलची घंटी, बळीरामचा तरुण आवाज, “झालं का वं माय?”, आणि फीत संपली.

बळीरामने आधी दोन प्रती काढल्या. मूळ कॅसेटच्या खाचेवरची चिकटपट्टी नखाने खरवडून काढली. हे करताना तो सलीलकडे पाठ करून उभा होता. सलीलने रजिस्टर बरोबर आणलं होतं. त्याने लाल रेघ तशीच ठेवली. शेजारच्या रिकाम्या जागेत ‘तानाबाई, पाटीपुरा’ असं लिहिलं आणि विचारलं, अजून काही लिहू का?

“चाल तिचीच हाय,” बळीराम म्हणाला. “ते लिवा.”

घरी तो पोचला तेव्हा वीज पुन्हा गेली होती. त्याने टेपरेकॉर्डरमध्ये सेल घातले आणि आईच्या बाजेवर ठेवला. टिनवाल्यांचं गाणं कापून नुसतं शेपूट भरून आणलं होतं. तानाबाईने डोळे मिटले. आपला आवाज तिने जन्मात कधी बाहेरून ऐकला नव्हता. स्वतःचं नाव आलं तेव्हा तिचा हात गळ्यावरच्या मलमलीकडे गेला आणि तिथेच थांबला. संपल्यावर तिने बोटाने खूण केली. पुन्हा. मग पुन्हा.

बळीराम म्हणाला, आठ कडवी गेली माय, एकच उरलं. तिने त्याच्याकडे पाहिलं, मूर्खाकडे पाहावं तसं. मग वैष्णवीकडे बोट केलं.

वैष्णवी समजली. चाल तर सगळ्या कडव्यांना एकच असते. तिने वही उघडली, पहिलं पान काढलं, आणि टेपमधल्या आजीच्या चालीवर पहिलं कडवं धरलं. दुसऱ्या ओळीत ‘वाट’ शब्दावर ती जरा लवकर खाली उतरली. बाजेच्या लाकडावर आजीचं बोट वाजलं. एकदा, हळूच.

वैष्णवी थांबली. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच बोट वाजलं. तिसऱ्यांदा तिने तो शब्द धरून ठेवला, पण श्वास पुरला नाही, आणि तिला हसू आलं. आजी हसली नाही. वाट पाहत राहिली, बोट उचललेलं.

बळीराम उंबऱ्यात भिंतीला टेकून बसला होता. पाय दुखत होते. दसऱ्याला पंधरा दिवस होते आणि अजून पहिलंच कडवं चाललं होतं. चौथ्यांदा वैष्णवी ‘वाट’ म्हणून पुढे गेली. त्याने कान दिला. लाकूड वाजलं नाही.