आधी सांगेल त्याला पेटी

मित्रांनो, माझ्याजवळ आजवर कोणी हसत बसलेलं नाही. मी दिसले की मुलांना आत ओढून नेतात, बायका पदर तोंडाशी धरतात, आणि माझा टेम्पो गल्लीत शिरला की चालू गप्पा बंद पडतात. मी एक जुनी शीतपेटी आहे. गेलेल्या माणसाला शेवटच्या प्रवासाआधी माझ्यात ठेवतात, म्हणजे लांबून येणाऱ्यांना त्याचं तोंड पाहता येतं. काम अभद्र म्हणा हवं तर, पण मला त्याचा अभिमान होता. होता, असं मी जाणूनबुजून म्हणते आहे.

माझा जन्म दक्षिणेकडच्या एका कारखान्यात झाला. अंग पोलादी पत्र्याचं, वर काचेसारखं पारदर्शक झाकण, पायाशी गार करणारं यंत्र आणि खाली चार चाकं. माझ्या शेजारी आइस्क्रीमच्या पेट्या तयार होत असत. त्या रंगीत चित्रं लावून गावोगावच्या जत्रांना निघाल्या आणि मी पोत्यात गुंडाळून जालन्याला आले. एकाच आईच्या लेकी आम्ही, पण नशीब ज्याचं त्याचं!

मला साहेबरावांनी विकत घेतलं. शहरातल्या मस्तगड भागात त्यांचं मंडप डेकोरेशनचं दुकान आहे. लग्न, बारसं, वाढदिवस, जयंती, सगळ्याला खुर्च्या, गाद्या आणि झालर त्यांचीच. एका उन्हाळ्यात ते कुणाच्या तरी मयतीला सतरंज्या घेऊन गेले होते. तिथे बर्फाच्या लाद्यांवर ठेवलेल्या म्हाताऱ्याच्या अंगाखालून पाणी वाहत थेट उंबऱ्याबाहेर आलं होतं, आणि म्हाताऱ्याचा मुलगा ते पाणी पोत्याने टिपत बसला होता. साहेबरावांना ते पाहवलं नाही. पुढच्याच महिन्यात मी दुकानात आले.

लग्नाच्या दुकानात मढ्याची पेटी कशाला, म्हणून भाऊबंदांनी नाकं मुरडली. साहेबरावांच्या पत्नी प्रभावतीबाई मात्र म्हणाल्या, "असू द्या. मागच्या पत्र्याच्या शेडमधी ठिवा, पुसायचं मी बघते." तेव्हापासून लग्नाचं गिऱ्हाईक पुढून यायचं आणि माझं मागून. पुढे नवरदेवाच्या खुर्चीचा रंग ठरत असला की माझ्यावर ताडपत्री पडायची. मला त्याचं वाईट वाटलं नाही. सगळ्यांनाच सगळं एकदम दाखवायचं नसतं.

त्या काळी पाटी नव्हती, नियमही कुणी लिहिलेला नव्हता. ज्याच्या घरी आधी दुःख, त्याच्या घरी आधी पेटी, एवढंच ठरलेलं. मी जुन्या जालन्याच्या अरुंद बोळांत गेले, एमआयडीसीमागच्या कामगारांच्या खोल्यांत गेले, एकदा तर अंकुशनगरच्या साखर कारखान्यावर एका गाडीवानासाठी गेले. सगळीकडे एकच चित्र. मी गार झाले की झाकणावर दव धरतं आणि आतलं तोंड धूसर होतं. मग घरातलं कोणीतरी पुढे होतं आणि तळहाताने ते पुसतं. जरा वेळाने पुन्हा दव, पुन्हा पुसणं. किती हातांनी मला असं पुसलं! माझ्यावरून फिरलेला प्रत्येक हात खरं तर दुसऱ्याच कुणाच्या गालावरून फिरत असे, हे मला ठाऊक होतं.

मला उचलून घरात नेणाऱ्यांत कडूबा नेहमी पुढे असत. साहेबरावांकडे मंडप बांधायला येणारे हे जुने गडी. एमआयडीसीमागच्या वस्तीत राहायचे. त्यांच्या पत्नी केशरबाई बियाण्यांच्या कारखान्यात दाणे निवडायला जायच्या, आणि एकुलती एक मुलगी साक्षी निमलष्करी दलात भरती होऊन पार आसामात गेली होती. कडूबा तिचा वर्दीतला फोटो मोबाइलवर ज्याला त्याला दाखवायचे. "पोरगी बंदूक चालवती माही," असं सांगताना त्यांची छाती अशी फुगायची की सदऱ्याच्या गुंड्या ताणल्या जायच्या. कुणाच्या घरी मला ठेवलं की निघताना ते माझ्याखालचा पाण्याचा ट्रे न विसरता रिकामा करायचे. म्हणायचे, "थेंब थेंब आवाज आला की घरच्यायच्या जिवाला लागतं."

मग ते प्रकरण झालं. लोखंडाच्या कारखान्याचे एक शेट होते. त्यांच्या घरी मयत झाली, आणि मी त्या वेळी अंबड रोडला एका झोपडीत होते. शेटच्या घरच्यांना अर्धा दिवस थांबावं लागलं. साहेबरावांनी हात जोडले, माफी मागितली. पण शेटच्या नातीच्या लग्नाचा मंडप दुसऱ्याच डेकोरेटरने बांधला, आणि शेटच्या ओळखीतल्या चार घरांनीही तोंड फिरवलं. त्या मोसमात दुकानातल्या खुर्च्यांवर धूळ बसली. साहेबराव वाईट माणूस नव्हते, मित्रांनो. ते घाबरले. आणि घाबरलेल्या माणसाने नियम केला की तो नियम फार कडक होतो.

त्यांनी पाटी रंगवून आणली. 'आधी सांगेल त्याला पेटी. नियम सर्वांना सारखा.' पाटी शेडच्या दारावर ठोकली आणि ते समाधानाने म्हणाले, "आता कोणाची कटकट न्हाई. गरीब असो का शेट, बराबर एकच नियम."

ऐकायला किती सरळ वाटतं! मलाही वाटलं. पण आधी सांगायचं म्हणजे काय सांगायचं, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

या मे महिन्यात ते कळलं. त्या शेटचे वडील दवाखान्यात अत्यवस्थ होते. कारखान्याच्या मॅनेजरचा फोन आला. ज्या आवाजात तो दिवाळीला खुर्च्या सांगायचा त्याच आवाजात त्याने मला सांगून ठेवलं. "मोठ्या शेटचं काही खरं न्हाई. पेटी आमच्यासाठी ठिवा. आन गार करूनच ठिवा, आयत्या वेळी घोळ नको." त्याच्या घरचं कोणी आजारी नव्हतं. त्याचं ते काम होतं, त्याने ते केलं. साहेबरावांनी बटण दाबलं आणि मी रिकामीच गार होऊ लागले.

त्याच आठवड्यात कडूबा सुट्टी मागायला आले. केशरबाईंच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. प्रभावतीबाईंनी त्यांना बाजूला घेतलं. त्यांना बोलणं जड जात होतं, हे त्यांच्या पदराशी चाललेल्या चाळ्यावरून कळत होतं. "कडूबा भाऊ, राग नका मानू. पाटी वाचली ना तुमी? एक शब्द ह्यायच्या कानावर घालून ठिवा. साक्षीला यायला वखत लागंल."

कडूबांनी दोन्ही कानांना हात लावला. "वहिनी, काय बोलून राह्यल्या? ती खाटेवर पडून माह्यासंगं बोलती. सकाळी अर्धी भाकर खाल्ली तिनं. जित्या माणसाची पेटी सांगू? जीभ झडंल माही."

तुम्हीच सांगा, कोण बोललं असतं? घरात आपलं माणूस श्वास घेतंय आणि आपण दुकानात जाऊन त्याच्या मरणाची जागा धरायची, हे आपल्याकडे कुणाला जमेल? ज्याच्या पदरी मॅनेजर आहे त्यालाच ते जमतं. नियम सर्वांना सारखा होता खरा, पण तो पाळणं सर्वांच्या जिभेला सारखं नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी सकाळीच फोन वाजला. कडूबांचा आवाज मला शेडमधून ऐकू येत नव्हता, साहेबरावांचा येत होता. "अरे देवा... कवा? ... न्हाई रे कडूबा, पेटी बाहेर गेलीय. ... हो ना, कालच गेली. ... लांब गेलीय. ... फॅन पाठवतो मोठा, भाडं काही देऊ नको."

मी तिथेच होते, मित्रांनो. त्यांच्या पाठीमागे, पत्र्याच्या एका भिंतीपलीकडे, गार होऊन तयार. मला पाय असते तर मी चालत गेले असते.

फोन ठेवताच प्रभावतीबाई कडाडल्या. "लबाड कशाला बोलले? पेटी मागं हाय."

"बुक हाय म्हणलं असतं तर त्याला जास्त लागलं असतं," साहेबराव खाली बघत म्हणाले.

"तो म्हातारा अजून जिता हाय. केशरबाई गेल्या. मंग पेटी कोणाची?"

"नियम म्हंजे नियम. आज कडूबासाठी मोडला आन दुपारी मोठे शेट गेले, तर? मागच्या बारीचं इसरली का? दुकान बंद करू का मी?"

फॅन न्यायला वस्तीतला रिक्षावाला आला, तेव्हा प्रभावतीबाई स्वतः तो फॅन उचलून रिक्षापर्यंत गेल्या. ऊन असं होतं की शेडच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. मी दिवसभर गुणगुणत राहिले. माझ्या झाकणावर दव धरलं, पण ते पुसायला कोणी नव्हतं.

त्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारी कडूबा फॅन परत करायला आले. सोबत साक्षी होती. प्रवासातलेच कपडे अंगावर, पाठीला सॅक, डोळे कोरडे. पुढे लग्नाचं गिऱ्हाईक बसलं होतं, म्हणून नेहमीच्या सवयीने कडूबा तिला घेऊन मागच्या दाराने शेडमध्ये शिरले. त्या दिवशी माझ्यावर ताडपत्री नव्हती.

साक्षीने मला पाहिलं. यंत्र चालू होतं आणि झाकण दवाने पांढरं झालं होतं. तिने दाराशीच बूट काढले, सॅक उतरवली, पुढे येऊन हात जोडले आणि मान झुकवली. मग आतून आलेल्या प्रभावतीबाईंना तिने हळूच विचारलं, "काकू, कोण गेलं?"

प्रभावतीबाईंनी पदर तोंडाशी धरला. साहेबराव गिऱ्हाईक सोडून दारात येऊन उभे राहिले होते.

साक्षीला वाटलं असावं की घरची माणसं अजून यायची आहेत, आणि तोवर या माणसाजवळ कोणी नाही. तिने हात पुढे केला आणि तळहाताने माझं झाकण पुसलं. सगळे पुसतात तसंच, हलक्या हाताने, कपाळापासून हनुवटीपर्यंत. आत कोरा पत्रा होता.

तिने झाकण पुन्हा एकदा पुसून पाहिलं.

कडूबा मात्र माझ्या आवाजाकडे कान देऊन उभे होते. तो आवाज ते चांगला ओळखत. "मालक," ते म्हणाले, "पेटी कवा आली वापस?"

"गेलीच नव्हती," प्रभावतीबाई म्हणाल्या. "कुठंच गेली नव्हती, भाऊ. हितंच होती. रिकामी."

मला वाटलं आता कडूबा ओरडतील. साहेबरावांनाही तसंच वाटलं असणार, कारण ते एक पाऊल मागे सरले. पण कडूबा ओरडले नाहीत. ते तसेच उभ्या उभ्या बोलू लागले, जणू कालच्या दिवसाचा हिशेब स्वतःलाच समजावून देत होते.

"बर्फ आणला. दुपारपस्तोर समदा वितळला. पाणी शेजाऱ्याच्या दारात गेल्तं. पोरगी फोनवर म्हणून राह्यली, बाबा थांबा, मी जल्दी येते. मोबाइलवर तोंड दावलं तिला, तर रेंज तुटली. सांजच्याला जाणते म्हणले, कडूबा, आता न्हाई ठिवता येत, उचला. लोक म्हणत होते जाऊन भांड साहेबरावला. मीच म्हणलो, न्हाई. पेटी बाहेर गेली म्हंजे तिकडंबी कोणाची माय गेली असंल. तिकडंबी कोणाची लेक यायची असंल. म्हणलं, त्यायला तरी तोंड पाहू द्या."

साहेबरावांनी डोळ्यांवर हात घेतला. "कडूबा, मी..."

"राहू द्या, मालक."

एवढं बोलून कडूबा खाली वाकले. माझ्याखालचा ट्रे काठोकाठ भरून थेंब थेंब सांडत होता. त्यांनी तो सवयीने ओढला, मोरीत रिकामा केला आणि परत सरकवला. सरकवताना बहुधा त्यांच्या ध्यानात आलं की आपण काय करतो आहोत. ते तिथेच माझ्या चाकाला धरून बसले आणि मोठ्याने रडले. साक्षीने त्यांना उठवलं, बूट घातले, सॅक पाठीवर घेतली. जाताना ती एकच वाक्य बोलली. "आम्हाला सांगायचं तरी, काकू. मी रस्ताभर दुसऱ्याच्या आईसाठी मन मोठं करत आले."

प्रभावतीबाईंनी माझी पिन ओढून काढली. संध्याकाळी मॅनेजरचा फोन आला. मोठ्या शेटना आराम पडला होता, ते घरी आले होते, पेटी मोकळी केली तरी चालेल.

कडूबा पुन्हा कामाला आले नाहीत. साहेबरावांनी पाटी उतरवली, आठ दिवस भिंतीला टेकवून ठेवली आणि परत ठोकली. लग्नाचा मोसम अजून चालू होता. प्रभावतीबाई मला अजून पुसतात, पण आता नवऱ्याशी पेटीबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कोणी दुकान घालेल, कोणी दवाखाना काढेल, कोणी खिडकीपलीकडच्या खुर्चीवर बसेल. तुम्हालाही एखादी पाटी रंगवावी लागेल. रंगवा, नियम लागतातच. फक्त ठोकण्याआधी तिच्यासमोर एकदा कडूबांच्या जागी उभे राहून बघा. जे आपल्या तोंडून निघणार नाही, ते बोलायला दुसऱ्याला लावू नका. आणि नियम पाळलाच, तर निदान खरं सांगा.

माझं यंत्र आता थकलं आहे. एखाद्या दिवशी भंगारात जाईन, त्याचं दुःख नाही. माझ्यात निजलेली सगळी तोंडं मला आठवतात. पण रात्री शेडमध्ये एकटी असले की मी आठवू बघते ते केशरबाईंचं, आणि ते मी पाहिलेलंच नाही.